एकवीस वर्षांनंतर पुन्हा पाण्यात: आठ महिन्यांच्या सरावाचा अनुभव

शाळा-कॉलेजात असताना मी स्पर्धांसाठी पोहत होते. बाविसाव्या वर्षी ते सुटले. त्रेचाळिसाव्या वर्षी दोन जिने चढतानाही दम लागू लागला आणि सकाळी उठल्यावरची नाडी मिनिटाला ७८ भरू लागली, तेव्हा मी पुन्हा तलावाची वाट धरली. आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येक वेळी सुमारे ५० मिनिटे, असा सराव आठ महिने केल्यानंतर हा अनुभव लिहीत आहे. पूर्वी चांगले पोहता येत होते आणि आता तब्येतीसाठी पुन्हा सुरुवात करायची आहे, अशांना तो विशेष उपयोगी पडेल असे वाटते.

पहिल्या दिवशी पहिल्या दोन फेऱ्यांतच हातांची लय, मान वळवणे, पायांची गती असे सारे परत आले, आणि फसगत नेमकी तिथेच झाली. चौथ्या फेरीला छाती भरून आली आणि भिंत धरून बराच वेळ उभे राहावे लागले. शरीर पोहणे विसरत नाही, परंतु हृदयाची क्षमता आणि खांद्यांची ताकद इतकी वर्षे टिकून राहत नाही. नवशिक्याला जोरात पोहता येत नसल्यामुळे त्याचे सांधे आपोआप सांभाळले जातात. आपल्याला मात्र जुना वेग आठवत असतो आणि हात त्या वेगाने चालू लागतात.

सुरुवातीच्या धापेचे मोठे कारण श्वास घेणे नसून श्वास सोडणे हे होते. तोंड पाण्यात असताना मी श्वास रोखून धरत होते आणि मान वळवल्यावर त्या क्षणभरात आधी सोडून मग घेण्याची धडपड करत होते. अशाने कार्बन डायऑक्साइड साचत जातो आणि जीव घाबरा होतो. तोंड पाण्यात असतानाच नाकातोंडातून संथपणे, सलग बुडबुडे सोडण्याचा सराव मी दोन आठवडे केवळ सावकाश फेऱ्या मारून केला. एवढ्या एका बदलाने मला न थांबता २०० मीटर पोहता येऊ लागले.

दुसरी दुरुस्ती डोक्याच्या स्थितीची. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट असल्याने त्यात शरीर थोडे जरी तिरके झाले तरी ताकद वाया जाते. समोर पाहण्यासाठी डोके वर उचलले की कंबर आणि पाय खाली जातात. नजर तळाकडे ठेवायला लागल्यावर, आणि हात पुढे पूर्ण लांबवून मगच पाणी मागे रेटायला लागल्यावर, २५ मीटरसाठी लागणारे माझे हात २६ वरून २१ वर आले. हे ताकदीमुळे झालेले नव्हते, कारण तेव्हा जेमतेम दीड महिना झाला होता.

त्या दीड महिन्यात मी एकाच गतीने सलग फेऱ्या मारत असे. अंतर वाढत होते, पण वेळ सुधारत नव्हती. मग प्रशिक्षकांनी सराव तुकड्यांत बांधून दिला: आधी ३०० मीटर सैल पोहणे, मग १०० मीटरच्या आठ फेऱ्या, प्रत्येकीनंतर २० सेकंद विश्रांती, आणि शेवटी २०० मीटर अगदी सावकाश. या फेऱ्यांची गती ठरवण्यासाठी ४०० आणि २०० मीटरची चाचणी घेतली जाते आणि दोन्ही वेळांमधील फरकाच्या निम्मी वेळ ही १०० मीटरची गती धरतात. माझ्या पहिल्या चाचणीत ४०० मीटरला १० मिनिटे आणि २०० मीटरला ४ मिनिटे ४० सेकंद लागले, म्हणजे गती २ मिनिटे ४० सेकंद. सातव्या महिन्यात हीच गती २ मिनिटे १२ सेकंदांवर आली. माझ्या मते या आठ महिन्यांतील खरा फायदा या घड्याळी सरावाचा आहे. तो पहिल्या दिवसापासून केला असता तर बरे झाले असते.

तिसऱ्या महिन्यात उजवा खांदा दुखू लागला. हातात पॅडल (पाणी जास्त रेटण्यासाठी पंजाला लावायच्या प्लास्टिकच्या चकत्या) घालण्याची घाई मी केली होती आणि त्याच आठवड्यात अंतरही जवळपास दीडपट केले होते. रात्री त्या कुशीवर झोपता येईना, तेव्हा फिजिओथेरपिस्टना दाखवले. पॅडल बंद झाले, तीन आठवडे मुख्यतः किकबोर्ड (हातांनी धरायची तरंगती फळी) धरून पायांचा सराव केला आणि रबरी पट्ट्याने खांद्याच्या मागच्या स्नायूंचे व्यायाम सुरू झाले, जे आजही पाण्यात उतरण्यापूर्वी करते. दोन्ही बाजूंनी श्वास घ्यायला शिकल्यामुळेही एका खांद्यावरचा भार कमी झाला. दुखणे पुन्हा उद्भवलेले नाही, पण पाण्यात हात आत घालताना तो डोक्याच्या मध्यरेषेपलीकडे जात नाही ना, याकडे मी सतत लक्ष देते.

सकाळची नाडी आता ६६ च्या आसपास असते. जिन्यावर दम लागत नाही, पाठीचे आखडणे जवळजवळ गेले आहे. वजन मात्र अवघे दोन किलोने उतरले, कारण पोहून आल्यावर भूक फार लागते. केवळ वजनासाठी येणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. शिवाय पाण्यात शरीराचा भार तरंगत असल्याने हाडांना पुरेसा ताण मिळत नाही, म्हणून आठवड्यातून दोन दिवस मी वजने उचलण्याचा व्यायाम जोडला आहे.

साधनांपैकी नीट बसणारा गॉगल सोडला तर कशाचीही घाई नाही. डोळे चुरचुरतात ते बहुतांशी घाम वगैरेंशी क्लोरीनचा संयोग होऊन तयार होणाऱ्या क्लोरामाइनमुळे, त्यामुळे पाण्यात उतरण्याआधी सर्वांनीच अंघोळ करणे हिताचे आहे. अनेक वर्षांच्या खंडानंतर सुरुवात करणाऱ्यांनी, विशेषतः रक्तदाब किंवा हृदयाची तक्रार असल्यास, आधी डॉक्टरांना विचारावे.

मास्टर्स, म्हणजे प्रौढ जलतरणपटूंच्या, स्पर्धांमध्ये २५ वर्षे वयापासून पुढे दर पाच वर्षांचा वेगळा गट असतो, हे मला पूर्वी ठाऊक नव्हते. पुढच्या चाचणीत ४०० मीटर आठ मिनिटांच्या आत आले, तर माझ्या गटात नाव नोंदवण्याचे मी ठरवले आहे. सध्या ते ८ मिनिटे २८ सेकंदांवर आहे.