कुत्र्या-मांजरांची चित्रं ऑर्डरवर: जलरंग की तैलरंग?

नागपुरात राहून पाळीव प्राण्यांच्या चित्रांवर पोट भरायचं ठरवत असाल, तर आधी माध्यम ठरवा. मी दोन्हींत काम करते.

जलरंगाला जागा कमी लागते, पसारा कमी होतो, दोन-तीन बैठकींत चित्र हातावेगळं होतं. पांढरी मांजर किंवा फिकट लॅब्राडोर यांना तो फार शोभतो, कारण कागद कोरा सोडला की तिथे आपोआप उजेड येतो. पण मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांवर जातो, हवा कोरडीठाक. ओल्या रंगाचा हात फिरवून कागदाच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं टोक वाळून कड धरतं, आणि मऊ लवेऐवजी रेघ दिसते. मी कूलर लावूनच बसते. ओलसर हवेत रंग जरा वेळ देतो. झोत मात्र कागदावर नको. कागद ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड, आणि कॉटनचा घ्या आणि आधी भिजवून घ्या. फ्रेम करताना काच आणि कागद यांच्यामध्ये माउंट, म्हणजे चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट, हवाच, नाहीतर पावसाळ्यात कागद काचेला चिकटतो, बुरशी धरतो.

काळा कुत्रा आला की मी तैलरंगच काढते. जलरंग वाळल्यावर फिका पडतो. गडदपणासाठी थरावर थर दिले की चित्र मळकट होतं. तैलरंगात अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) मिसळून जिवंत काळा मिळतो. पाठीवर आभाळाची निळी झाक, पोटाखाली फरशीवरून आलेला तांबूस उजेड. नुसता ट्यूबमधला काळा लावला तर तिथे भोक पडल्यासारखं वाटतं.

तैलरंगाचा खरा फायदा दुरुस्तीत आहे. बऱ्याच ऑर्डरी प्राणी गेल्यानंतर येतात, हाती असतात फक्त मोबाइलमधले फोटो. एकदा एका मांजरीच्या कानावरचा तपकिरी ठिपका मी जलरंगात उजवीकडे काढला. फोटो सेल्फी कॅमेऱ्याचा होता, आरशासारखा उलटा. त्या बाईंनी चित्र बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "ताई, हा डावा कान होता." अख्खं चित्र नव्याने करावं लागलं. तैलरंगात तो कान एका बैठकीत बदलला असता. तेव्हापासून मी आधी विचारते, फोटो कुठल्या कॅमेऱ्याने काढला? जवळून काढलेल्या फोटोत नाक फुगतं, तेही सांभाळावं लागतं.

अॅक्रिलिक हा पाण्यात मिसळायचा रंग आपल्या उन्हाळ्यात पॅलेटवरच वाळतो. सॉफ्ट पेस्टलमध्ये, म्हणजे मऊ रंगीत खडूंत, लव सुरेख उतरते, पण धूळ फार उडते आणि काच लागतेच.

माझं मत विचाराल तर मुख्य धंदा तैलरंगाचा ठेवा. फिकट रंगाचा प्राणी असेल किंवा तारीख जवळ आली असेल, तर जलरंग घ्या. तैलचित्र हाताला कोरडं लागायलाच काही दिवस जातात, वार्निशसाठी सहा महिने थांबावं लागतं. ऑर्डर घेतानाच हे ग्राहकाला सांगा, आणि वार्निशला चित्र परत कधी आणायचं तो महिना पावतीवर लिहून द्या.