थ्रो-लाइनचा संच: पिशवी घरी शिवा, दोरी मात्र विकतच घ्या

झाडावर चढायचा दोर वीस मीटरवरच्या बेचक्यातून ओवायचा, तर आधी वजनाची पिशवी बांधून एक बारीक दोरी, म्हणजे थ्रो-लाइन, तिथवर पोचवावी लागते. त्यासाठी मिळणाऱ्या नेहमीच्या संचात तीन वस्तू असतात: 50 ते 60 मीटर बारीक दोरी, वजनाच्या दोन पिशव्या आणि दोरी साठवायची घडीची चौकोनी टोपली. तिन्ही दिसायला इतक्या साध्या, की हे घरच्या घरी जमेल असं कुणालाही वाटतं. पिशवीच्या बाबतीत ते बरंचसं खरं आहे, टोपलीच्या बाबतीत अर्धंमुर्धं. दोरीच्या बाबतीत अजिबात नाही.

दोरीपासूनच सुरुवात करू, कारण संचाचा जीव तिच्यात आहे. चांगल्या संचात 1.75 किंवा 2.2 मिलिमीटर जाडीची, डायनीमाची (पॉलिथिलीनचा अतिशय मजबूत धागा) विणलेली दोरी येते. ती ताणली की लांबत नाही, पाणी पीत नाही, सालीवरून घसरत जाते आणि तिला पीळ पडत नाही. शेवटचा गुण सर्वांत महत्त्वाचा. पिळाची सुतळी किंवा नायलॉनची दोरी फेकली की हवेत उलगडताना तिचे वेटोळे होतात. एखादं वेटोळं पानांत अडकलं की पिशवी अर्ध्या वाटेतच थबकते. ताग आणि सुती दोरीचे केस सालीला धरतात, आणि भिजल्यावर तिचं वजनच पिशवीला वर जाऊ देत नाही. मासेमारीचा तंगूस तर नकोच. तो हात कापतो, झाडात राहिला तर दिसत नाही आणि पाखरांच्या पायांत गुंततो.

दोन जाड्यांपैकी 1.75 ची दोरी हलकी असल्यामुळे उंच जाते आणि 280 ते 340 ग्रॅमच्या पिशवीनेही सहज खाली उतरते. पण ती बोटांना बोचते आणि तिची गाठ सुटायला त्रास देते. रोज काम करणाऱ्याने 2.2 ची घ्यावी. रंग भडक पिवळा किंवा केशरी असावा. हिरवी दोरी पानांत शोधण्यात वेळ जातो.

डायनीमाची एक खोड लक्षात ठेवलीच पाहिजे: साधारण 145 ते 150 अंश सेल्सिअसला ती वितळते. अडकलेली दोरी सोडवायला दुसरी तिच्यावर टाकून करवतीसारखी मागेपुढे ओढली, तर घर्षणाने दोन्हींपैकी एक तुटते. शिवाय ही दोरी दीडशे किलोच्या वर ताण सोसत असली तरी माणसाच्या किंवा फांदीच्या भारासाठी ती नाही. वीजतारांजवळ तर ती काढायचीच नाही. ओली, मळलेली दोरी वीज वाहून आणू शकते.

आता पिशवी. विकतच्या पिशवीत शिशाचे किंवा लोखंडाचे बारीक छरे असतात, म्हणून ती बारीक आणि लांबट राहते. घरी शिवताना लोक वाळू भरतात, आणि तिथे आकार बिघडतो. 340 ग्रॅम वाळूला साधारण 210 मिलिलिटर जागा लागते, तेवढ्याच वजनाच्या लोखंडी छऱ्यांना 75 च्या आसपास. वाळूची फुगीर पिशवी पानांत अडते आणि अरुंद बेचक्यात पाचर बसल्यासारखी रुतते. त्यामुळे सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यात किंवा जाड कॅनव्हासच्या दुहेरी नळीत लोखंडी छरे भरावेत. शिसं टाळावं, कारण पिशवी फाटली की ते मातीत आणि हातांवर जातं. छरे ठासून भरू नयेत. किंचित सैल पिशवी फांदीवर आपटून उसळत नाही.

पिशवी फाटते ती कापडात नाही, कडीजवळच्या शिवणीत. कडीचा पट्टा निदान चार सेंटिमीटर आत घेऊन चौकोनात आणि वर फुलीची शिवण घाला. कडी फट न राहता वेल्ड केलेली हवी. किल्ल्यांच्या कडीच्या फटीत दोरी शिरते आणि ऐन फेकीत अडकते. पिशवीऐवजी नट-बोल्ट, दगड किंवा पाण्याची बाटली बांधणं मात्र सोडून द्या. बाटलीची मान बेचक्यात अडकते, आणि लोखंडाचा तुकडा वरून परत आला तर हेल्मेटही पुरं पडेल याची खात्री नाही.

वजन झाड बघून निवडायचं. गुळगुळीत सालीला 340 ग्रॅम पुरे. खरबरीत साल किंवा दाट पालवी असेल तर 400 ते 450 लागतात, नाहीतर पिशवी फांदीवर लटकून राहते, खालीच येत नाही. संचात दोन वेगळ्या वजनांच्या पिशव्या असाव्यात. एकसारख्या दोन देणारे संच घेऊ नयेत.

घडीची टोपली ही चैन वाटते, पण दोरी गुंडाळून ठेवणाऱ्याची निम्मी सकाळ गुंता सोडवण्यात जाते. नियम एकच: दोरी गुंडाळायची नाही, हातावर हात टाकत सरळ आत ओतायची. जशी पडली तशीच ती निघते. शेवटचं टोक आधी टोपलीबाहेरच्या कडीला बांधायचं, म्हणजे फेकीबरोबर सगळी दोरी झाडावर जात नाही. जुगाड म्हणून वीस लिटरची बादली चालते. तळाला पाण्यासाठी चार भोकं पाडा आणि काठावर कापलेली रबरी नळी चढवा, कारण बादलीच्या काठावरची प्लास्टिकची कोर दोरीला धरते. वारा असेल तर आत एक वीट ठेवा. जाळीची कपड्यांची टोपली घेऊ नका, प्रत्येक भोकात दोरी शिरते.

फेकताना पिशवी गुडघ्याच्या उंचीवर लोंबेल इतकी दोरी सोडून, दोन्ही हातांनी पायांच्या मधून झोका द्यावा. सरावलेल्या हाताने बारा ते अठरा मीटर गाठता येतात. त्याच्या वर मोठी गलोल लागते, आणि तिचा जुगाड करू नये. पाइपची दुबेळकी ताणाखाली मोडली तर सगळा झटका तोंडावर येतो. विकतच्या गलोलीचेही रबर दर वेळी ताणून तडे बघावेत.

पिशवी पलीकडे गेली की दोरी एकदम आवळू नका. पिशवी झोका घेऊन फांदीला गुंडाळली जाते. दोरी बोटांतून घसरू देत तिला खाली येऊ द्या. नको असलेल्या फांद्यांवरून दोरी मागे ओढायची असेल तर आधी पिशवीची गाठ सोडा आणि मोकळं टोक ओढा. पिशवी बेचक्यांत अडकते, मोकळं टोक क्वचितच. पिशवी नेहमी सुरगाठीने बांधावी ती याच कारणासाठी. अडकलीच, तर दोरी हाताला गुंडाळून ओढणं हा सर्वांत वाईट उपाय: हात कापतो, आणि सुटलेली पिशवी सरळ तुमच्याकडे येते. दोरी ताणून धरा, बाजूने धनुष्याच्या दोरीसारखी ओढून सोडा. तो झटका बहुतेक वेळा पिशवी उसळवून काढतो. तरीही जोर लावायचा असेल तर दोरी काठीला गुंडाळा आणि तिच्या रेषेतून बाजूला उभे राहा.

थ्रो-लाइन चढायच्या दोराला बांधताना क्लोव्ह हिचला (दोन वेढ्यांच्या गाठीला) एक वेढा जास्त द्या, कारण डायनीमा घसरते. मग टोकाकडे दहा-बारा सेंटिमीटरवर एक आणि अगदी टोकाशी एक अशा दोन अर्ध्या गाठी मारा, म्हणजे दोराचं नाक सरळ राहून बेचक्यातून निघतं. दोर बसल्यावर दोघांनी जमिनीवरून पूर्ण भार टाकून फांदी तपासावी. ही चाचणी फक्त खालच्या दिशेचा भार दाखवते, बाजूने पडणारा नाही, हे चढताना ध्यानात असू द्या.

दोरीवर दर पाच मीटरला खूण करून घ्या. पिशवी जमिनीला टेकली की पायाशी येणारी खूण म्हणजे फांदीच्या उंचीची दुप्पट. खुणांवरून माप 38 मीटर आलं, तर दोर फांदीवरून दुहेरी टाकून चढायला 45 मीटरचा घ्यावा, 40 चा अपुरा पडेल. मार्करची शाई पुसट होत जाते. रंगीत दोऱ्याचे दोन टाके जास्त टिकतात, फक्त ते चपटे घाला.

वरच्या वाळक्या, लोंबणाऱ्या डहाळ्या ओढून पाडायलाही अशीच दोरी कामी येते, पण तेव्हा डहाळीच्या खाली नाही, तिच्या उंचीइतकं बाजूला उभं राहून ओढायचं. त्यासाठी वेगळी जुनी दोरी ठेवा. नव्या दोरीचे पहिले सहा-सात मीटरच लवकर झिजतात, केस उभे राहिले की तेवढे कापून टाका आणि खुणा नव्याने मोजा. म्हणूनच 50 ऐवजी 60 मीटरचा संच घेतलेला बरा.