आठ महिने ग्रुप सिटिंग, मग दहा दिवसांचं मौन: माझा अनुभव

विपश्यनेचं, म्हणजे ध्यानाचं, 10 दिवसांचं शिबिर करून आले त्याला दीड महिना झाला. आधी ग्रुपमध्ये ध्यानाला बसायचा काही उपयोग झाला का असं बरेच जण विचारतात, म्हणून एकदाच सविस्तर टाकते. झाला, पण मला वाटलं होतं तिथे नाही झाला.

आमचा ग्रुप साधा आहे, आठवड्यातून दोनदा, पंधरा-सोळा जण, 45 मिनिटं बसायचं, 10 मिनिटं सावकाश चालायचं, परत 45. (विपश्यनेची साप्ताहिक सामूहिक साधना शिबिर केलेल्यांसाठीच असते, त्यामुळे हा ग्रुप वेगळा, नुसता श्वासावर लक्ष ठेवणाऱ्यांचा.) घरी एकटी बसले की विसाव्या मिनिटाला हमखास काहीतरी आठवायचं, गॅस बंद केला का, मेसेज आला असेल का, आणि मी उठायचे. ग्रुपमध्ये उठायची लाज वाटते ना! खरं सांगते, पहिले तीन महिने मी निव्वळ लाजेखातर बसले. पण त्या लाजेमुळेच कळलं की उठायची ऊर्मी येते, वाढते, आणि आपण काहीच केलं नाही तर थोड्या वेळाने ओसरतेसुद्धा. घरी ती ओसरेपर्यंत मी कधी थांबलेच नव्हते.

दुसरं म्हणजे शेजारचे काका. श्वास सोडताना त्यांच्या नाकातून बारीक शिट्टी वाजते, एकदा कानात बसली की बसली, पुढची कधी येते याचीच वाट बघत बसायचं. जागा बदलून पाहिली तर तिकडे कोणाचं तरी घड्याळ टिकटिकत होतं. शेवटी परत काकांच्या शेजारी आले. शिबिरात माझ्या मागच्या बाईंना बोटं मोडायची सवय होती, दर दहा मिनिटांनी कट्. नवीन आलेल्या एक-दोघी मान वळवून बघायच्या, मी काकांच्या हाताखाली तयार झालेली, मला काही फरक पडला नाही.

शरीराचं पण तसंच. पायाला मुंग्या आल्या की पाय गेला असं वाटायचं, पण तो नसेवरचा दाब असतो, पाय मोकळा केला की जातो. उशी उंच घेतली, कंबर गुडघ्यांच्या वर आली, अर्धा त्रास तिथेच संपला. गुडघ्यात कळ आली तर मात्र ती मुकाट्याने सोसायची गोष्ट नाही, सांगितलं तर शिबिरात खुर्चीही मिळते. चौथ्या दिवसापासून अधिष्ठान सुरू होतं, म्हणजे दिवसातून तीनदा एकेक तास हात-पाय न हलवता, डोळे न उघडता बसायचं. 45 मिनिटांची सवय होती, वरची पंधरा मिनिटं भयंकर गेली पण गेली.

आता नडलं ते. एक, ग्रुपमध्ये मी श्वास एक ते दहा मोजायचे. शिबिरात पहिले तीन दिवस आनापान असतं, फक्त नैसर्गिक श्वास बघायचा, त्याला आकडा, मंत्र, चित्र काहीही जोडायचं नाही. आठ महिन्यांची सवय सुटेना हो! श्वास आत गेला की आपोआप 'तीन'. दुपारच्या वेळेत जाऊन आचार्यांना विचारलं, ते म्हणाले लक्षात आलं की सोडून द्यायचं, चिडायचं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत आकडे विरळ झाले.

दोन, आणि हे मोठं. ग्रुपमध्ये बसून झालं की आम्ही अर्धा तास गप्पा मारायचो, आज पाठ दुखली, आज छान लागलं वगैरे. मला ती साधनेनंतरची मजा वाटायची, पण तिथे रोजची वाफ निघून जायची हे शिबिरात समजलं. पहाटे 4 ला घंटा, जवळजवळ दहा तास बसणं, फोन, वही, पुस्तक सगळं आधीच जमा, शेजारणीकडे बघून हसायचं पण नाही, कारण आर्यमौनात, म्हणजे शिबिरातल्या मौनात, खुणासुद्धा चालत नाहीत. तिसऱ्या रात्री पडल्या पडल्या 'आज कसं झालं' हे मी मनातल्या मनात एकेका ग्रुपवाल्याला सांगत होते, काकांनासुद्धा! या मौनाची तयारी कोणी करून घेतली नव्हती, आणि ती करता येते.

म्हणून जाणार असाल तर शेवटचे दोन महिने तरी सिटिंग संपलं की न बोलता घरी जा, आणि लगेच फोन काढू नका. मानसिक आजाराचे उपचार चालू असतील तर फॉर्ममध्ये स्पष्ट लिहा आणि डॉक्टरांशी आधी बोला, ग्रुपमध्ये जमतंय म्हणजे तिथे जमेलच असं नाही.

ग्रुप मी सोडलेला नाही. मागच्या बुधवारी सुचवलं की नंतरचा अर्धा तास महिन्यातून एकदा तरी गप्प बसू. काका आणि अजून एक जण तयार झाले, बाकीचे अजून गप्पांच्याच बाजूने आहेत.