मुलांचा गेम पूर्ण व्हावा म्हणून: स्क्रॅच, आर्केड, पॉकेट कोड आणि जीडेव्हलप काही महिने वापरल्यानंतर

गेम बनवायला शिकवणाऱ्या साधनांची जाहिरात सगळीकडे सारखीच असते: कोड लिहायचा नाही, ब्लॉक ओढा आणि जोडा. ते खरेही आहे. पण मुलांच्या हाती साधन देऊन काही महिने गेले की एकच प्रश्न महत्त्वाचा उरतो. सुरू केलेले गेम पूर्ण होतात का? पूर्ण म्हणजे ज्याला सुरुवात आहे, हार-जीत आहे, पुन्हा खेळायची सोय आहे, आणि जो शेजारचे पोर काही न विचारता खेळू शकते. उन्हाळी सुट्टीपासून आम्ही सोलापुरात आठ ते चौदा वयाच्या मुलांसोबत ही चार साधने वापरतो आहोत. चारही फुकटात सुरू करता येतात. आमची यंत्रे साधी आहेत: चार जीबी रॅमचे जुने लॅपटॉप, एक-दोन अँड्रॉइड टॅब आणि मुलांच्या घरचे मोबाईल. पुढचे सगळे मत याच यंत्रांवरचे आहे.

सुरुवात स्क्रॅचनेच करावी, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये घडलेले हे साधन २००७ साली सर्वांसाठी खुले झाले. तिसरी आवृत्ती २०१९ मध्ये आली. संगणकावर उतरवून घेतले की इंटरनेट लागत नाही. फक्त भाषांतर आणि मजकूर वाचून दाखवणारी जोडणी नेटशिवाय चालत नाही. चलांची (म्हणजे बदलती संख्या साठवणाऱ्या डब्यांची) आणि संदेशांची नावे मराठीत देता येतात, आणि ती द्यावीतच. ‘गुण’, ‘जीव’, ‘वेग’ अशी नावे असली की घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारे मूलही शाळेतल्या मराठीच्या आधाराने दुसऱ्याचा प्रोजेक्ट वाचू शकते.

पहिली अडचण निर्देशांकांची येते. स्क्रॅचचा मंच ४८० रुंद आणि ३६० उंच. मधोमध शून्य, डावीकडे उणे २४०, खाली उणे १८०. लहान मुलांना ऋण संख्या अजून शाळेत भेटलेल्या नसतात. फरशीवर खडूने दोन रेषा आखून मुलाला शून्यावर उभे करावे आणि ‘एक्स उणे तीन, वाय दोन’ असे पुकारत चालवावे. पंधरा-वीस मिनिटांत काम होते, आणि पुढचे कितीतरी तास वाचतात.

दुसरी अडचण उडीची. जवळजवळ प्रत्येक मुलाला उडी मारणारे पात्र हवे असते, आणि जवळजवळ प्रत्येक जण आधी ‘वरचे बटण दाबले की वाय ५० ने वाढव’ असे करतो. पात्र वर जाते आणि तिथेच लटकते. योग्य रचना अशी: ‘वेग’ नावाचा चल घ्या. हिरवा झेंडा दाबल्यावर तो शून्य करा. मग फॉरएव्हर या सतत फिरणाऱ्या ब्लॉकच्या आत दर फेरीला वेगात उणे १ मिळवा आणि वायमध्ये वेग मिळवा. पात्र जमिनीच्या रंगाला टेकले, तर टेकणे सुटेपर्यंत वाय एकेकाने वाढवा आणि वेग शून्य करा. उडीची अट याच ‘टेकले तर’च्या पोटात, वेग शून्य केल्यानंतर ठेवा: बटण दाबलेले असेल तर वेग १२. पुढच्या फेरीला आधी १ वजा होतो, म्हणून पात्र ११, १०, ९ असे चढत एकूण ६६ पायऱ्या (मंचावर मोजायची एकके) वर जाते. चढायची फळी ६० वर ठेवली तर पोचते, ७० वर ठेवली तर पोचत नाही. हा हिशेब मुलाकडून कागदावर करून घ्यावा. तो एकदा जमला की प्रत्येक फळीची जागा मूल स्वतः ठरवते.

यात बिघडते काय, तेही ठरलेलेच असते. उडीची अट ‘टेकले तर’च्या बाहेर राहिली की पात्र हवेतल्या हवेत उड्या मारत छतापर्यंत जाते. डोके वरच्या फळीला लागले की पात्र फळीतून आरपार वर निघते, कारण सुटका करून घेण्यासाठी आपण त्याला वरच ढकलतो आहोत. तिथे वेग शून्याहून जास्त असेल तर खाली ढकलावे. आणि चालताना पात्राचे पोशाख (त्याची वेगवेगळी चित्रे) बदलत असतील, तर एखाद्या पोशाखाचा पाय दोन पिक्सेल खाली येतो आणि पात्र जमिनीत रुतून थरथरते. यावर खात्रीचा उपाय म्हणजे साध्या चौकोनाचा एक वेगळा पोशाख. टक्कर तपासण्याआधी चौकोन घालायचा, तपासणी झाली की चित्र परत. हे सगळे ‘माय ब्लॉक्स’मध्ये स्वतः बनवलेल्या एका ब्लॉकमध्ये ठेवून ‘रन विदाउट स्क्रीन रिफ्रेश’वर खूण केली की चौकोन डोळ्यांना दिसतही नाही.

क्लोन, म्हणजे गेम चालू असताना तयार होणारी पात्राची प्रत, हा स्क्रॅचमधला सर्वांत फसवा भाग. नान्नजचे माळढोक अभयारण्य सोलापूरच्या जवळ असल्याने आम्ही मुलांना एक ठरावीक गेम देतो: माळढोक उडतो आहे आणि समोरून विजेच्या तारा येत आहेत. माळढोक वजनाने भारी असतो, त्याला समोरचे कमी दिसते, आणि तारांना धडकून मरणे हा त्याच्यापुढचा खराखुरा धोका आहे. त्यामुळे इथे आकडे अर्थाला धरून निवडता येतात. पंखाच्या फडक्याला वेग ८ दिला की पक्षी जेमतेम २८ पायऱ्या चढतो आणि जड वाटतो. तारांना आधी घोस्ट इफेक्ट (चित्र फिकट करणारा परिणाम) ८० द्यायचा आणि त्या जवळ येतील तसा कमी करत न्यायचा. तार फिकट दिसत असली तरी टक्कर तपासणारा ‘टचिंग’ ब्लॉक तिला ओळखतो. ‘हाइड’ने लपवली तर मात्र ओळखत नाही.

तारेचा प्रत्येक क्लोन उजव्या कडेला जन्मतो आणि दर फेरीला ४ ने डावीकडे सरकतो. सेकंदाला ३० फेऱ्या धरल्या तर साधारण चार सेकंदांत पडदा ओलांडतो. एक्स उणे २३०च्या खाली गेला की ‘डिलीट धिस क्लोन’ हवेच. अट उणे २५० ठेवली तर अरुंद चित्र तिथवर पोचतच नाही, कारण स्क्रॅच पात्राला मंचाबाहेर पूर्ण जाऊ देत नाही. न पुसलेले क्लोन डाव्या कडेला ढीग करून बसतात. एका प्रोजेक्टमध्ये ३०० क्लोनची मर्यादा असते. दीड सेकंदाला एक या गतीने साडेसात मिनिटांत ती भरते, नव्या तारा येणे बंद होते आणि मूल म्हणते, ‘गेम आपोआप सोपा झाला.’ क्लोनला स्वतःचा वेग द्यायचा असेल तर चल करताना ‘फॉर धिस स्प्राइट ओन्ली’ (फक्त या पात्रासाठी) निवडायला विसरू नये. नाहीतर एका तारेचा वेग बदलला की सगळ्यांचा बदलतो.

स्क्रॅचची खरी कमजोरी म्हणजे ते कुठेच अडवत नाही. मूल दहा पोशाख काढते, आठ पार्श्वभूमी घालते, स्वतःच्या आवाजात ओरडणे रेकॉर्ड करते, आणि गेम तसाच राहतो. सगळ्यांत जास्त अर्धवट प्रोजेक्ट आमच्याकडे इथलेच आहेत. म्हणून स्क्रॅचमध्ये दोन छोटे गेम पूर्ण झाले की आम्ही मुलांना मायक्रोसॉफ्टच्या मेककोड आर्केडकडे, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या गेम बनवायच्या साधनाकडे, नेतो.

आर्केडचा पडदा फक्त १६० बाय १२० पिक्सेलचा आणि रंग मोजून १६, त्यातला एक पारदर्शक. हीच त्याची ताकद. पात्र १६ बाय १६ चौकटींत बसवायचे, म्हणजे २५६ चौकटी. सोलापुरात हे समजावायला वेळ लागत नाही: जकार्ड चादरीची नक्षी जशी आधी ग्राफ कागदावर चौकट-चौकट रंगवतात, तसेच हे. गणिताच्या चौकटीच्या वहीवर चार रंगांत पात्र आधी काढून घ्यावे आणि मगच संगणकाला हात लावावा. चित्र लवकर संपते आणि मूल नियमांकडे वळते. पूर्ण झालेल्या गेमचे प्रमाण इथे स्क्रॅचपेक्षा स्पष्टच जास्त आहे.

इथे गुरुत्वाकर्षण तयार मिळते. पात्राचा ‘एवाय’ (खाली ओढणारा जोर) ३०० आणि उडीच्या वेळी ‘व्हीवाय’ (उभा वेग; इथे वर जाणे उणे) उणे १५० ठेवला की उडी साधारण साडेसदतीस पिक्सेलची, म्हणजे १६ पिक्सेलच्या दोन टाइलांहून (चौकोनी तुकड्यांहून) थोडी जास्त होते. उडीआधी ‘खालून भिंतीला टेकले आहे का’ ही अट हवी. ‘मूव्ह स्प्राइट विथ बटन्स’ या ब्लॉकवरचे अधिक चिन्ह दाबून उभा वेग शून्य करायचे राहिले, तर वरचे बटण आणि गुरुत्वाकर्षण एकमेकांशी भांडत राहतात. टाइलमॅपमध्ये, म्हणजे टाइला जोडून केलेल्या नकाशात, विटांचे चित्र रंगवले म्हणजे भिंत झाली असे मुलांना वाटते आणि पात्र विटांमधून सरळ खाली पडते. भिंतीचे वेगळे हत्यार निवडून त्या टाइलांवर खूण करावी लागते. आणखी एक नेहमीची तक्रार: शत्रू नुसता घासून गेला तरी तिन्ही जीव एकदम जातात. दोन पात्रे एकमेकांवर असेपर्यंत ती घटना पुन्हा पुन्हा घडत असते. जीव कमी केल्यावर अर्धा ते एक सेकंदाचा ‘पॉज’ टाकावा, किंवा शत्रूच नाहीसा करावा.

दोन गोष्टींनी आर्केडमध्ये सगळ्यांत जास्त त्रास दिला. एक, खात्यात लॉगिन केले नसेल तर प्रोजेक्ट ब्राउझरमध्येच राहतो. घरातल्या कोणी ब्राउझरची साठवण साफ केली की गेम गेला. म्हणून प्रत्येक बैठकीच्या शेवटी तो उतरवून घ्यावा. उतरलेली फाइल पीएनजी चित्र असते आणि गेमचा कोड त्या चित्रातच दडलेला असतो. इथेच दुसरी अडचण येते: ते चित्र व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवले की दाबले जाते आणि आतला कोड नष्ट होतो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवले तर शाबूत राहतो. देवनागरी मजकूर गेमच्या आत नीट उमटत नाही. शीर्षक मराठीत हवे असेल तर ते चित्र म्हणून काढावे. मुले ते हौसेने करतात.

ज्या घरात फक्त मोबाईल आहे तिथे पॉकेट कोड. ऑस्ट्रियातल्या ग्राट्सच्या तंत्रविद्यापीठातून आलेले हे अँड्रॉइड अ‍ॅप स्क्रॅचच्याच वळणाचे आहे, आणि मोबाईल कलता केला की पात्र हलवणे हे त्यात फार सोपे जाते. चेंडू चक्रव्यूहातून नेण्याचा गेम यात पहिल्यांदा द्यावा. पण लांब ब्लॉक-रचना लहान पडद्यावर वाचता येत नाही, आणि सूत्र लिहिताना कंस चुकला की शोधणे कठीण जाते. एका पात्राला दहा-बारा ब्लॉकांपलीकडे जाऊ देऊ नये. काम वाढले तर दुसऱ्या पात्राकडे द्यावे. मोबाईल घरच्यांचा असतो, मधेच फोन येतो, तेव्हा बैठक छोटीच ठेवावी.

जीडेव्हलप हे गेम बनवायचे साधन बारा वर्षांपुढच्या मुलांसाठी. ‘अट’ आणि ‘कृती’ अशा दोन रकान्यांत सगळा गेम लिहिला जातो, आणि पात्राला प्लॅटफॉर्मरचे (फळ्यांवर उड्या मारणाऱ्या गेमचे) तयार वर्तन जोडले की चालणे, उडी, पडणे एका फटक्यात मिळते. जमिनीलाही प्लॅटफॉर्मचे वर्तन द्यावे लागते, नाहीतर पात्र पहिल्याच क्षणी पडद्याखाली जाते. आवाजाच्या घटनेत ‘ट्रिगर वन्स’ (एकदाच चालव) ही अट नसेल तर तोच आवाज दर फेरीला वाजून नुसता घरघराट होतो. निकाल देखणा दिसतो, म्हणून मोठी मुले थेट याचीच मागणी करतात. आमचे मत आहे की देऊ नये. स्क्रॅचमध्ये वेगाचा हिशेब स्वतः मांडलेल्या मुलाला जीडेव्हलपमधले आकडे बदलताना काय होणार ते आधी कळते. थेट इथे आलेले मूल अंदाजाने आकडे फिरवत बसते. चार जीबीच्या लॅपटॉपवर ब्राउझर बंद ठेवूनच हे चालवावे.

यंत्रांबद्दल. एप्रिल-मे महिन्यांत इथे पारा चाळिशीच्या वर जातो. जुना लॅपटॉप तापला की स्वतःची गती कमी करतो आणि तोच गेम दुपारी संथ चालतो. मुलाला वाटते, आपलेच काही चुकले. लॅपटॉप गादीवर न ठेवता फळीवर ठेवावा आणि शक्यतो सकाळची वेळ धरावी. जड झालेला स्क्रॅच प्रोजेक्ट टर्बोवार्प या स्क्रॅच प्रोजेक्ट चालवणाऱ्या दुसऱ्या साधनात उघडला तर बराच वेगाने चालतो. टर्बोवार्पच्याच पॅकेजरने त्याची एकच एचटीएमएल फाइल करता येते. ती ब्राउझरमध्ये उघडते आणि स्क्रॅच नसलेल्या संगणकावरही खेळता येते. इन्व्हर्टर किंवा यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर लाईट गेली की न साठवलेले सगळे जाते. स्क्रॅचची संगणकावरची आवृत्ती आपोआप साठवत नाही. दर नवीन गोष्ट चालली की ‘तारा १’, ‘तारा २’ अशा वेगळ्या नावाने साठवायची सवय लावावी. पुढे काही बिघडले तर मागच्या फाइलवर परत जाता येते. टचपॅडवर ब्लॉक ओढताना लहान बोटे सुटतात आणि रचना मोडते. एक साधा वायरचा माउस घ्यावाच.

स्क्रॅचच्या संकेतस्थळावर गेम ठेवायचा झाला तर वापरनावात मुलाचे खरे नाव, शाळा किंवा जन्मवर्ष येऊ देऊ नये. प्रोजेक्टखालच्या प्रतिक्रिया त्या पानापुरत्या बंद करता येतात. तिथे ठेवलेला प्रत्येक गेम क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली जातो. म्हणजे कोणीही तो उघडून, बदलून, मूळ नावाचा उल्लेख ठेवून पुन्हा ठेवू शकते. हे मुलाला आधी सांगावे, नाहीतर आपला माळढोक दुसऱ्याच्या पानावर दिसला की ते रडकुंडीला येते. आणि दुसऱ्याचा गेम उघडून आतले ब्लॉक वाचायची मुभाही त्याच परवान्याने मिळते, हेही त्याच वेळी दाखवावे.