ब्रूलचा आउगुस्टुसबुर्ग राजवाडा: फाल्कनलुस्टपर्यंत जायलाच हवे

जर्मनीत कोलोन आणि बॉन यांच्या दरम्यान वसलेल्या ब्रूल या शहराच्या रेल्वे स्थानकातून बाहेर पडताच समोर आउगुस्टुसबुर्गचा बरोक, म्हणजे भरघोस सजावटीच्या शैलीतला, राजवाडा दिसतो. कोलोनचा आर्चबिशप आणि इलेक्टर (सम्राट निवडण्याचा अधिकार असलेला संस्थानिक) क्लेमेन्स आउगुस्ट याने १७२५ साली, १६८९ मध्ये उद्ध्वस्त झालेल्या जुन्या गढीच्या जागी याचे काम सुरू केले. प्रारंभीचा आराखडा योहान कोनराड श्लाउनचा होता. पुढे ते काम फ्रांस्वा द क्युव्हिलिए याच्याकडे गेले.

आतले दालन एकच पाहायचे असेल, तर बाल्टाझार नॉयमानने रचलेला जिना पाहावा. तळाशी तो एकाच रुंद ओळीने चढतो, मग दोन बाजूंना फुटतो, आणि पाहुणा वर येईल तसे कार्लो कार्लोनेने रंगवलेले छत हळूहळू उलगडत जाते. खांबांवरचा संगमरवर वस्तुतः जिप्सम, सरस आणि रंग यांचे मिश्रण घोटून केलेला आहे. मी डोळे अगदी जवळ नेऊन पाहिले, तरी त्याच्या शिरा खोट्या वाटल्या नाहीत. १९४९ ते १९९६ या काळात पश्चिम जर्मनीचे आणि पुढे एकत्रित जर्मनीचे राष्ट्राध्यक्ष परदेशी पाहुण्यांचे स्वागत याच वास्तूत करीत असत, आणि हा जिना चढताना त्याचे कारण आपोआप कळते.

मात्र बहुतेक प्रवासी इथूनच परततात, याचे मला मनापासून वाईट वाटते. दोमिनिक जिरारने आखलेल्या बागेतून पुढे निघून झाडांमधल्या सरळ वाटेने चालत गेले, की क्युव्हिलिएने १७२९ ते १७३७ दरम्यान बांधलेला फाल्कनलुस्ट हा शिकारमहाल लागतो. ब्रूलच्या रानात घरटी करणारे राखी बगळे ऱ्हाइन नदीवर मासे टिपायला जात, आणि त्यांच्या या नेमक्या वाटेवर ससाणे सोडता यावेत म्हणून ही जागा निवडलेली होती. त्याच्या जिन्यातल्या निळ्या-पांढऱ्या फरशांवर ससाण्यांच्या शिकारीची चित्रे आहेत. राजवाड्यात सत्ताधीश भेटतो, तर इथे त्या माणसाचा छंद भेटतो. शेजारचे छोटे प्रार्थनागृह शंख-शिंपल्यांनी आणि खनिजांनी मढवलेले आहे; तिथे थोडे थांबावे.

१९८४ पासून दोन्ही वास्तू आणि बागा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. हिवाळ्यात आतील दालने काही काळ बंद असतात, त्यामुळे वेळा आधी पाहूनच निघावे, आणि फाल्कनलुस्टसाठी अर्धा दिवस वेगळा ठेवावा.