बेंजामिन हॅरिसनचं घर, इंडियानापोलिस: वकिलांनी चुकवू नये

लेकीकडे आल्यावर तिने आधी मोटारशर्यतीचा ट्रॅक दाखवला. मला त्यात काही राम वाटला नाही. मग नॉर्थ डेलावेअर स्ट्रीटवरचं हे विटांचं घर पाहिलं. सांगलीच्या कोर्टात पस्तीस वर्षं दिवाणी दावे चालवलेला माणूस मी, इथे रमलो.

हॅरिसन अमेरिकेचे २३वे अध्यक्ष. आजोबाही अध्यक्ष होते, पण महिनाभरातच वारले. सोबत गाइड असतो, सव्वाएक तास सहज जातो. व्हाइट हाउसमध्ये १८९१ साली वीज आली तेव्हा नवरा-बायको बटणाला हात लावायला घाबरायचे, हे ऐकून आमची सौ. खूश झाली. हॅरिसनच्या पत्नी कॅरोलाइनबाईंनी स्वतः रंगवलेल्या चिनी मातीच्या बशांपुढून तर तिला ओढून न्यावं लागलं.

मी मात्र अभ्यासिकेतल्या कोरीव पुस्तकांच्या कपाटापाशी अडकलो. यादवी युद्धात लढायला जाण्याआधी हा गृहस्थ इंडियाना सुप्रीम कोर्टाचे निकाल संपादित करून छापायचा. आपल्याकडे कोर्टांच्या निकालांचे एआयआरचे (ऑल इंडिया रिपोर्टर) खंड असतात, तशातलं काम. १८६२ साली ७०व्या इंडियाना पलटणीत गेला आणि ब्रिगेडियर जनरल हा मानाचा हुद्दा घेऊन परतला.

पण माझा आवडता भाग १८७१चा. मिलिगन नावाच्या नागरिकाला युद्धकाळात लष्करी न्यायालयाने फाशी सुनावली होती. मुलकी कोर्टं चालू असताना असा खटला चालवताच येत नाही, असं अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १८६६ मध्ये ठरवलं. सुटल्यावर मिलिगनने लष्करी अधिकाऱ्यांवर भरपाईचा दावा ठोकला. अधिकाऱ्यांचे वकील हॅरिसन. मिलिगन जिंकला आणि भरपाई मिळाली पाच डॉलर! अशिलासाठी असा निकाल आणला, तर हरलो म्हणून वकिलाने फी सोडायची की दुप्पट मागायची? लेक म्हणाली, "बाबा, पुढच्या खोलीत चला, लोक थांबलेत."

व्हाइट हाउस सुटल्यावरही वकिली सुटली नाही. १८९९ मध्ये पॅरिसला व्हेनेझुएलाच्या सीमावादात ते पंचवीसेक तास बोलले. १९०१ मध्ये याच घरात वरच्या मजल्यावर वारले.

जिने बरेच आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी सावकाश. मुलं कंटाळतील, तेव्हा त्यांना नातवंडांची गाडी घेऊन पळालेल्या बोकडाची गोष्ट सांगा. खुद्द अध्यक्ष त्याच्यामागे धावले होते.

आणखी एक. १८८८च्या निवडणुकीत हॅरिसन गावोगाव फिरले नाहीत. जवळजवळ तीन लाख लोकच इंडियानापोलिसला येऊन त्यांची भाषणं ऐकून गेले, जाताना कुंपणाच्या फळ्याही आठवण म्हणून उपटून नेल्या. मी ऐटीत पुढच्या व्हरांड्यात उभा राहून फोटो काढला आणि 'इथूनच भाषणं झाली' म्हणून वकील मित्रांच्या ग्रुपवर टाकला. व्हरांडा अध्यक्षपद संपल्यानंतर बांधलेला आहे, हे नंतर कळलं. फोटोला तोवर बावीस अंगठे आले होते.