क्लॅरिनेटचा सूर जुळत नाही: बॅरल ओढू, रिंग घालू की नवं बॅरल घेऊ?

हार्मोनियमवाला पट्टी बदलून देईल, सूर हलवून देणार नाही. म्हणजे जुळवून घ्यायचं ते आपणच. बी-फ्लॅट क्लॅरिनेटवर सी हा सा धरला की काळी पाच होते; खालची सगळी उदाहरणं याच पट्टीतली.

आधी एक बघा: वाद्य चढं आहे की उतरलेलं? तेही पाच-दहा मिनिटं फुंकून गरम झाल्यावर. नळीतली हवा एक अंशाने तापली की सूर सुमारे 3 सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढतो, त्यामुळे वाद्य केसमधून काढल्या काढल्या ट्यूनर लावला तर तो तुम्हाला फसवणारच.

चढं असेल तर बॅरल, म्हणजे माउथपीस आणि वरचा जोड यांच्यामधला नळीचा छोटा तुकडा, थोडा बाहेर ओढणं हा फुकटचा उपाय, आणि बहुतेकांना तेवढा पुरतो. पण सगळे सूर सारखे उतरत नाहीत, ही त्यातली मेख. एकही बोट न ठेवता वाजणारा जी, म्हणजे आपला पंचम, फार आखूड नळीवर वाजतो. 1 मिमी ओढलं की तो हिशेबाने सुमारे 7 सेंट उतरतो. सा 5 सेंटच्या आसपास. शुद्ध निषादाला मात्र अख्खी नळी लागते, तो जेमतेम 3. समजा तुमचं वाद्य 442 हर्ट्झला बांधलेलं आहे आणि हार्मोनियम 440 ला. फरक 8 सेंटचा. 2 मिमी ओढलंत की सा छान बसतो, निषाद किंचित चढा राहतो आणि पंचम सहा सेंट खाली जातो. तानपुऱ्यासमोर पंचम असा पडला की कानाला लगेच टोचतं.

म्हणून मी बॅरल 1 मिमीच ओढतो आणि बाकीचं काम मधल्या सांध्यावर करतो. वरचा आणि खालचा जोड जिथे मिळतात तिथे थोडी फट दिली की लांब नळीचे सूर उतरतात, पंचम जागेवर राहतो. दोन्ही जोडांना सांधणारी चावी नीट टेकते ना, तेवढं बघून घ्या.

रिंग म्हणजे बॅरलच्या आत, ओढल्यामुळे पडलेल्या फटीत बसणारी पातळ चकती. ती सूर उतरवत नाही. खाच बुजवते, पाणी साठू देत नाही आणि आवाज स्वच्छ ठेवते. मिलिमीटरभरासाठी तिची गरज नाही. रोज दोन मिमी ओढावं लागत असेल तर जरूर घ्या. फक्त ती आत आहे हे लक्षात ठेवा. मी एकदा विसरलो. थंडीतल्या पहाटेच्या कार्यक्रमात बॅरल पूर्ण आत ढकलतोय, ढकलतोय, आणि ते बसतच नाही. अख्खी भूपाळी ओठ आवळून वाजवली.

वाद्य उतरलेलं असेल तर गोष्टच वेगळी. बॅरल आधीच पूर्ण आत आहे, आता ओढणार काय? इथेच आखूड बॅरलला पैसे घालण्यात अर्थ आहे: 66 च्या जागी 65 किंवा 64 मिमीचं. पण त्याआधी रीड, म्हणजे माउथपीसवरची वेताची पातळ पट्टी, बदलून बघा. मऊ पडलेल्या रीडवर सूर खाली घसरतो, आणि जोरात फुंकलं की आणखीच. निम्म्या वेळा दोष तिथेच सापडतो.

बॅरल घ्यायचंच ठरलं तर नुसती लांबी विचारून मागवू नका. आतल्या भोकाचा आकार तुमच्या वाद्याशी जुळला नाही, तर खालचा सूर बरोबर आणि त्याच बोटांवरचा वरचा बेसूर, अशी नवी डोकेदुखी मागे लागते. स्वतःचं वाद्य घेऊन दुकानात जा, पंचम आणि शुद्ध निषाद लागोपाठ वाजवून बघा, मगच पाकिटाला हात घाला. आणि 67 मिमीचं लांब बॅरल? ते ओढण्याचंच काम करतं, पंचमही तसाच पाडतं; फक्त फट राहत नाही. त्यापेक्षा रिंग स्वस्त.